शनिवारची निळी खुर्ची

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे. जुनी, सायप्रस झाडाच्या लाकडाची आणि एकाच माणसाच्या मापाची. चिलोए बेटावर, समुद्राकडे तोंड केलेल्या एका लाकडी घराच्या स्वयंपाकघरात माझे आयुष्य गेले. माझ्यावर बसतो तो आन्सेल्मो. त्याचे हातपाय जन्मापासून त्याचे ऐकत नाहीत, मान एका बाजूला कलते, आणि त्याचे बोलणे हसण्यातून व डोळ्यांतून समजून घ्यावे लागते.

मला त्याच्या वडिलांनी घडवले. गुमेर्सिंदो नावा बांधणारा सुतार होता. नावेच्या फासळ्यांसाठी लाकूड वाफेवर नरम करून वाकवतात, तशी त्याने माझी पाठ वाकवली. आन्सेल्मोचा कणा जिथे वळतो, तिथेच मीही वळते. माझ्यात एकही खिळा नाही. लाकडात लाकूड बसवून वर खुंट्या ठोकल्या आहेत. मूल वाढेल, म्हणून पायाखालची फळी खाली सरकवण्याची सोयही त्याने केली. पुढे तो दूर पाटागोनियात कामाला गेला आणि तिकडेच दुसरे घर मांडून राहिला. मागे उरलो आम्ही तिघे: आन्सेल्मो, त्याची आई ओतिलिया आणि मी.

त्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. अशी खुर्ची राजधानीतही मिळायची नाही, असे येणारा प्रत्येक जण म्हणे. ओतिलिया त्याला उचलून माझ्यावर बसवी, भरवी, पुसे आणि पुन्हा उचली. तो मोठा झाला, दाढी आली, तरी उचलणारी तीच. जगात त्याला धरून ठेवणाऱ्या आम्ही दोघीच, असा माझा समज होता. मला त्याच्या बिछान्याचाही हेवा वाटे. शेजारच्या देल्मिराचाही वाटे, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता म्हणून तिने त्याला हातांत धरले होते. त्या नात्याने ती आणि ओतिलिया एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणत.

मग विसावाघर आले. आमच्या चार वाड्यांची शाळा मुलांअभावी बंद पडली होती. ज्यांच्या घरी अपंग माणूस आहे अशा कुटुंबांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी ती इमारत झाडूनपुसून घेतली. शनिवारी त्या माणसाला तिथे सोडायचे आणि सांभाळणाऱ्याने दिवसभर पाठ टेकायची, अशी योजना होती. तिथे एक निळी खुर्ची होती. तिला म्हणे चाके होती, आणि दांडा फिरवला की ती मागे झुके. मी तिला कधीच पाहिले नाही. पण शनिवारी संध्याकाळी आन्सेल्मो परतला की त्याच्या सदऱ्याला नव्या रेक्झिनचा वास येई. तो वास घेऊन तो माझ्यावर बसे आणि वर हसे. मी आतून करकरत असे.

आता आमच्या बेटाची एक रीत ऐका. शेजाऱ्याने तुमच्या बटाट्याच्या शेतात एक दिवस घातला, तर तुम्ही त्याच्या शेतात एक दिवस घालायचा. पैसा मध्ये आणायचा नाही, दिवसाला दिवस. ही रीत मोडणाऱ्याच्या घरी पुन्हा कोणी मदतीला जात नाही. विसावाघरात राबणाऱ्या बायका शेजारणीच होत्या. म्हणून ओतिलिया आन्सेल्मोला निळ्या खुर्चीत बसवी आणि तिथून थेट त्यांच्या शेतांवर जाई. तिने त्यांचे बटाटे काढले, रसासाठी सफरचंदे चेचली, मेंढ्यांची लोकर धुतली. त्या नको म्हणत. ती ऐकत नसे.

“कोमाद्रे, तुला विसावा दिलाय की रोजगार?” देल्मिराने एकदा विचारले. “शनिवारी सकाळी जरा बरी असतेस, रविवारी मढ्यासारखी दिसतेस.”

“फुकटचा दिवस मला पचत नाही,” ओतिलिया म्हणाली.

मग एका रविवारी जेवणानंतर तिने त्याला माझ्यावरून उचलले आणि तिची पाठ धरली. दोघे जमिनीवर आले. तो घाबरून रडू लागला. तिला उठता येईना. देल्मिरा धावत आली, तेव्हा दोघे एकमेकांना धरून पडले होते. आता ती दिवस फेडू शकणार नाही, म्हणजे विसाव्याचे हे खूळ संपले, असे वाटून मी क्षणभर सुखावलेही. पण दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेची बाई आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, की आईला उचलता येत नसेल तर मुलाची व्यवस्था खाडीपलीकडे, शहरातल्या निवासी संस्थेत करावी लागेल. तेव्हा मला कळले, की निळ्या खुर्चीकडून तो संध्याकाळी परत तरी येत असे.

त्याच आठवड्यात विसावाघर चालवणारे सगळे आमच्या स्वयंपाकघरात जमले. विसावाघरात सांभाळायला ठेवायच्या माणसाचा अर्धा पगार नगरपालिका देणार होती, उरलेला अर्धा गावाने उभा करायचा होता. त्यातून यानेत मिल्याकुरा नावाची शिकलेली मुलगी कामाला ठेवायची आणि विसावा शुक्रवार ते रविवार करायचा, असे ठरत होते. गावाच्या वाट्यासाठी दर हंगामात तिकीट लावून कुरांतो करायचा. म्हणजे खड्ड्यातल्या तापलेल्या दगडांवर शिंपले, बटाटे आणि डुकराचे मांस पानांखाली शिजवून सगळ्या वाड्यांना जेवू घालायचे.

ओतिलिया बाकावर आडवी होऊन ऐकत होती. “एवढ्या लोकांचे दिवस मी कधी फेडू?” ती म्हणाली.

“ते तिकीट काढून जेवणार, कोमाद्रे. पोट भरलं, हिशेब मिटला.”

“आणि ही मुलगी?”

यानेत तोवर आन्सेल्मोची मान सरळ करत होती. मागे न बघता ती म्हणाली, “मला पगार आहे, ओतिलियाबाई. तुम्ही माझ्या शेतात खुरपं घेऊन दिसलात, तर मी कुत्रा सोडीन.”

आन्सेल्मो मोठ्याने हसला. ओतिलियाने त्याच्याकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. त्या मुलीचा मला त्याच क्षणी हेवा वाटू लागला.

कुरांतो झाला, चारही वाड्या जेवल्या. त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आन्सेल्मो गेला. शनिवारी सकाळी ओतिलिया सवयीने शेतावरचे बूट शोधू लागली. ते देल्मिरा आदल्या दिवशीच उचलून घेऊन गेली होती. रविवारी मिळतील, असे खिडकीतून ओरडून तिने सांगितले. ओतिलिया घरभर फिरली. एकदा भांडी घासली, तीच पुन्हा घासली. शेवटी ती माझ्यावर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. माझा वाक तिच्या कमरेला टोचत असणार, कारण मी तिच्या मापाची नाही. तरीही ती बसल्याजागी झोपली, ती दुपार कलेपर्यंत हललीच नाही. तिचे वजन किती कमी आहे, हे मला तेव्हा कळले.

मित्रांनो, माझी खुंटी निघाली तर नवी ठोकता येते. ओतिलियाची पाठ नवी करता येत नाही. तुमच्या गावातही कोणी कोणाला रोज उचलत असेल. त्याला नुसते शाबास म्हणू नका. त्याला विसावा द्या, आणि तो विसावा त्याला फेडावा लागू नये म्हणून त्याच्या जागी सांभाळणाऱ्याचा पगार सर्वांनी मिळून भरा.

नगरपालिकेची बाई परत आली नाही. येत्या शुक्रवारी आन्सेल्मो पुन्हा त्या निळ्या खुर्चीकडे जाणार आहे. मला ते मुळीच आवडत नाही. तरी त्याने जावे.