मापाच्या वहीतलं एक पान

शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा शिवणताईंच्या तोंडात पाच पिना होत्या. समोर गिऱ्हाईक, हातात खडू आणि दारात शाळेचा शिपाई. तोंडात पिना असल्या की त्यांना बोलता येत नसे. गल्लीतले लोक म्हणत, बाईंना गप्प बसवायचं असेल तर पिना द्याव्यात! त्यांनी चिठ्ठी वाचली, पिना एकेक करून उशीला टोचल्या आणि म्हणाल्या, "झालं! पुन्हा कुणाचं तरी मन दुखलेलं दिसतंय."

मंडळी, अशी एखादी चिठ्ठी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आलेली असेल. ती हातात पडली की आपण आधी आपल्याच लेकराची बाजू घेतो. शिवणताईंकडे तर तसं कारणही होतं. त्यांची चौदा वर्षांची लेक, घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणत, एका जागी बसेल तर शपथ. मागच्या वर्षी शाळेचे नळ तीन आठवडे कोरडे होते. भिंगरीने एकेका नळाचा फोटो काढून फोनवर स्वतःच्या पेजवर टाकला. शाळेची बदनामी केली म्हणून मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिच्यावर खूप रागावल्या. पण आठव्या दिवशी नळाला पाणी आलं. "माझी लेक बोलली म्हणून आलं हो!" असं शिवणताईंनी अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

तेव्हापासून त्या पेजवर दोघींचाही जीव होता. आता मुलांच्या छळाविरुद्ध नवा कायदा आला होता आणि शाळाशाळांतून समित्या बसल्या होत्या. पोरांच्या तोंडाला कुलूप लावायची ही सोय आहे, असं शिवणताईंचं ठाम मत होतं.

त्या तरातरा शाळेत गेल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"नळाला पाणी नाही म्हटलं तर गुन्हा होतो का हो, बाई? या वयात पोरं बोलणार नाहीत तर कधी बोलणार?"

 मोठ्या बाईंनी एक छापील कागद टेबलावरून पुढे सरकवला.

कागदावर फोटो होता, एका वहीच्या पानाचा. अक्षर ओळखीचं होतं. उंची, बाही, खांदा, आणि त्याखाली दोन ओळी. "बेकरीची वाकडी. उजवा खांदा अर्धा इंच खाली, पाठीला बाक. आतून गादी घालणे." फोटोच्या वर भिंगरीने लिहिलं होतं, "पहिल्या रांगेतल्या ताठ मुलीचं गुपित!" आणि खाली दोनशेच्या वर हसरे चेहरे.

अक्षर शिवणताईंचं स्वतःचं होतं!

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला त्यांच्याकडे तीनशे गणवेश शिवायला येत. नावांचा गोंधळ व्हायचा, म्हणून त्यांनी खुणा लिहायची सवय लावून घेतली होती. कुणी "चष्मा", कुणी "लांब हात", कुणी "डॉक्टरांची जाडी". त्यात वाईट काही असेल असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. वही दुकानाबाहेर जात नव्हती, मग वाचणार कोण? पण बाकीच्यांची मापं लिहून घ्यायला भिंगरी असायची, आणि वही तीच उघडायची.

बेकरीवाल्याची चिऊ भिंगरीच्याच वर्गातली. तिचा उजवा खांदा जन्मापासून थोडा खाली. तीन वर्षं शिवणताई तिच्या गणवेशाच्या खांद्यात आतून कापसाची छोटी गादी शिवत होत्या. माप घेताना दार लावून घेत. गणवेश अंगात घातला की चिऊ इतकी सरळ दिसायची की कवायतीच्या बाईंनी यंदा तिला पहिल्या रांगेत, अगदी मधोमध उभं केलं होतं.

"सहा दिवस झाले, ती शाळेत आलेली नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "सोमवारी समिती बसेल. तुमच्या मुलीला दोन आठवडे घरी बसवावं लागेल. आणि ते पेज तर आम्ही कायमचंच बंद करायला लावणार आहोत. एकदाची कटकट मिटेल."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांना जरा जास्तच बरं वाटत होतं, हे शिवणताईंच्या नजरेतून सुटलं नाही. पण भांडायला तोंड कुठे उरलं होतं? त्या कागद घेऊन घरी आल्या आणि त्यांनी तो लेकीपुढे धरला.

"मला तिसऱ्या रांगेत टाकलं," भिंगरी पाय आपटत म्हणाली, "आणि तिला पहिल्या! का, तर म्हणे किती ताठ उभी राहते! मग मी काय खोटं सांगितलं? तूच लिहिलंयस ते. मला बोलायचं स्वातंत्र्य आहे, तूच म्हणायचीस!"

शिवणताईंना राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लेकीसाठी भीतीही वाटली. सोमवारी हिला घरी बसवतील, पेज जाईल, सगळ्या शाळेत नाव खराब होईल. हिला वाचवायचं कसं, एवढंच त्या वेळी त्यांच्या डोक्यात होतं. आणि वाचवणारं माणूस एकच होतं, वकीलकाकू. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या काळ्या कोटाची ट्रायल द्यायला यायच्याच होत्या.

वकीलकाकू साठीच्या, बुटक्या आणि बोलायला खमक्या. ज्याची बाजू कुणी घेत नाही त्याची त्या घेत. शिवणताईंनी कोट काकूंच्या अंगावर चढवता चढवता सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "काकू, पोरांची थट्टा ती! त्याला कसला कायदा? तुम्ही नेहमी म्हणता ना, बोलणाऱ्याचं तोंड दाबू नये म्हणून. सोमवारी हिच्या बाजूने उभ्या राहा."

"राहीन," काकू म्हणाल्या. "पेजसाठी राहीन. फोटोसाठी नाही."

भिंगरी कोपऱ्यात बटणं लावत बसली होती. तिची सुई थांबली.

"पण दोन्ही बोलणंच आहे ना?" ती म्हणाली.

"ऐक. या कायद्याचा कच्चा मसुदा आला तेव्हा मी त्यावर सहा पानी हरकत पाठवली होती. त्यात लिहिलं होतं, 'मन दुखावेल असं काहीही.' मन काय, कशानेही दुखतं! तुमच्या मोठ्या बाईंचं नळाच्या फोटोने दुखलंच होतं. आम्ही बऱ्याच जणांनी आरडाओरडा केला, तेव्हा ते शब्द गेले. आता काय राहिलं? एखाद्या मुलाला ठरवून, त्याच्या अंगावरून, घरावरून असं छळणं की त्याला शाळेत पाऊल टाकणं नको व्हावं. तुझ्या नळाच्या फोटोनंतर काय झालं?"

"पाणी आलं."

"आणि या फोटोनंतर?"

भिंगरीने सुई कापडात खुपसली.

"एक बाक रिकामा झाला. बोलायचं स्वातंत्र्य चिऊलाही आहे ना गं? सहा दिवसांत ती कुणाशी एक शब्द तरी बोलली का? तुझ्या एका फोटोने तिची वाचाच गेली, मग हे स्वातंत्र्य कुणाचं म्हणायचं?"

"पण ते खरं होतं," भिंगरी हळूच म्हणाली. आवाजातला तोरा उतरला होता.

"खरं होतं. पण तुझं नव्हतं, बाळा."

 मग काकूंनी हात पुढे केला. "शिवणताई, ती वही बघू तुमची. माझं पान काढा."

शिवणताईंना आपण काय लिहिलंय ते आठवलं. नाही म्हणणार कसं? काकूंनी चष्मा नाकावर ओढून मोठ्याने वाचलं, "काळा कोट. मान आखूड. बडबड फार."

आणि त्या खो खो हसल्या. कोटाच्या दोन कच्च्या शिवणी उसवल्या त्या हसण्याने.

"मला हसू आलं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "कारण मी साठीची आहे आणि बडबड करूनच पोट भरते. पण मी चौदा वर्षांची असते आणि हे शाळेतल्या दोनशे मुलांनी वाचलं असतं तर?"

एवढं बोलून त्यांनी वही मिटली आणि शिवणताईंच्या हातात ठेवली. दोष दिला नाही, उपदेश केला नाही. पण शिवणताईंना त्या वहीचं वजन त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फोटो लेकीने टाकला होता, पण 'वाकडी' हा शब्द तिने कुठून आणला? तीन वर्षं आपण एका हाताने त्या पोरीचा खांदा झाकत होतो आणि दुसऱ्या हाताने तिला नाव ठेवत होतो! त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी वाहू लागलं. आई कधी रडलेली भिंगरीने पाहिली नव्हती. ती उठून आईला बिलगली आणि तीही रडायला लागली.

संध्याकाळी दोघी बेकरीत गेल्या. एरवी भिंगरीच्या हातावर हसून जास्तीचं बिस्कीट ठेवणारा बेकरीवाला आज ट्रे पुसत राहिला. "आत आहे," एवढंच म्हणाला.

चिऊ भट्टीमागच्या खोलीत पाठ भिंतीला टेकवून बसली होती. अंगावर घरचा ढगळा झगा. शिवणताई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"बाळा, ते शब्द माझे आहेत," त्या म्हणाल्या. "पहिली चूक माझी. मी तुझं माप लिहायचं सोडून तुला नाव ठेवलं. मला माफ कर."

चिऊ बराच वेळ बोटांशी चाळा करत होती. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही दार लावून घ्यायचात. मला वाटायचं, हे फक्त तुमच्या-माझ्यात आहे."

 शिवणताईंनी मान खाली घातली.

भिंगरीने वाटेत पाठ केलेली सगळी वाक्यं सोडून दिली. "मला तुझी रांग हवी होती," ती कशीबशी म्हणाली. "फोटो मी काढून टाकलाय. पण आता तो कुणाकुणाकडे आहे ते माझ्या हातात नाही. चुकलं माझं, चिऊ."

"मला अजून राग आहे तुझा."

"असू दे. मी उद्या परत येईन."

ती खरंच दुसऱ्या दिवशी गेली, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. चिऊ फारसं बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी तिने बसायला स्टूल दिलं.

सोमवारी समिती बसली. वकीलकाकू नव्या कोटात आल्या होत्या. पण काकूंना तोंड उघडायची वेळच आली नाही, कारण बापाचं बोट धरून चिऊ दारात उभी होती. घरच्या झग्यातच. गणवेश नाही, खांद्यात गादी नाही.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.  "भिंगरीने केलं ते खूप वाईट केलं. मला शाळा सोडावीशी वाटली. ज्यांनी हसून तो फोटो पुढे पाठवला त्यांनाही बोलवा, एकट्या तिलाच नको. पण तिचं पेज बंद करू नका. नळाचं पाणी मीही पिते."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. काढला तो बराच वेळ परत लावलाच नाही.

समितीने ठरवलं ते असं. भिंगरीला यंदा कवायतीत जागा नाही, आणि तिने स्वतःच्या नावाने त्याच पेजवर चूक कबूल करायची. फोटो पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो पुसायचा आणि पालकांसह शाळेत यायचं. पेज मात्र चालू राहील. भिंगरीने त्याच दिवशी लिहिलं. त्याखाली शिवणताईंनी आपल्या नावाने दोन ओळी घातल्या, की ते शब्द मुळात माझे होते.

मग काय, आठवडाभर दुकानात रीघ लागली. "आमच्याबद्दल काय लिहिलंय हो?" असं जो तो विचारू लागला. डॉक्टर तर लेकीला घेऊनच आले. शिवणताईंनी प्रत्येकाची माफी मागितली. दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली, बाकीची राहिली. शेवटी त्यांनी ती वही पुढ्यात घेतली. कापडाची कात्री कागदाला लावली की तिची धार जाते, म्हणून त्या कधी कुणाला लावू देत नसत. त्या दिवशी त्यांनी त्याच कात्रीने वहीचा बारीक चुरा केला आणि कात्री धार लावायला पाठवली.

पंधरा दिवसांनी चिऊ कवायतीच्या गणवेशाचं माप द्यायला आली. टेबलावर नवी वही होती. त्यात नावं नव्हती, खुणा नव्हत्या, फक्त नंबर होते. चिऊ सतरा नंबरची. तिला पाहताच भिंगरी न सांगता उठली, बाहेर गेली आणि तिने दार लावून घेतलं.

शिवणताईंनी टेप हातात घेतली, पण पुढे काय विचारावं ते त्यांना सुचेना. चिऊनेच सांगितलं.

"मावशी, गादी घाला. मला तसंच बरं वाटतं. पण ती का आहे, ते कुणाला सांगायचं आणि कधी सांगायचं, हे मी ठरवीन."

"तूच ठरवायचं, बाळा," शिवणताई म्हणाल्या. 

मंडळी, कायदा हवा, आणि तो असा हवा की कोरड्या नळाबद्दल बोलणाऱ्याला त्याची भीती वाटू नये. पण कायदा समितीच्या टेबलापर्यंतच येतो. आपल्या वहीत, आपल्या फोनमध्ये, लेकरांच्या देखत सहज बोललेल्या शब्दांत तो शिरू शकत नाही. तिथली राखण आपली आपणच करायची असते. कारभार चुकला तर खुशाल बोला, मोठ्याने बोला. पण दुसऱ्याच्या अंगावरचं, मनातलं जे त्याचं आहे, ते सांगायचा हक्क त्याचाच राहू द्या!

शिवणताई खांद्याचं माप घेऊ लागल्या, तेवढ्यात चिऊने दाराकडे पाहून हाक मारली, "भिंगरे, बाहेर काय उभी राहिलीस? ये आत, लिहून घे."

दार हळूच उघडलं. भिंगरीने वही मांडीवर घेतली आणि सतरा नंबरपुढे नुसते आकडे लिहिले.