बंदूक वाजेपर्यंत

आमच्या पाड्यात जमीन हलली की सगळ्यात आधी घराबाहेर मी असते. ही बढाई नाही. मी चौथीत असताना तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात धक्के सुरू झाले आणि तो अख्खा हिवाळा आम्ही अंगणात प्लास्टिकच्या कागदाखाली काढला. तेव्हापासून माझे पाय मला न विचारता पळतात. आधी जमिनीखालून गुडगुड येते, मग फळीवरची भांडी वाजतात, आणि भांडी वाजायच्या आत मी दाराबाहेर असते. पूर्वी आमचं घर कुडाचं होतं, पडलं असतं तरी फार काही डोक्यात पडलं नसतं. मग विटांचं पक्कं घर झालं, वर कौलं चढली, पाड्यातल्या बायका कौतुकाने बघून गेल्या, आणि भीती आमच्याकडे कायमची राहायला आली.

बाबा वर्षातले बरेच महिने गुजरातच्या बोटीवर खलाशी असतात. घरी आई, मी आणि प्रगती. प्रगती माझी धाकटी बहीण, पहिलीत आहे, आणि एकदा झोपली की कानाशी ढोल वाजवला तरी कूस बदलत नाही. म्हणून आईने केव्हाच ठरवून टाकलं होतं. शितलची, म्हणजे माझी, चटई दाराशी, तिच्याजवळ प्रगती, दाराला कडी नाही. जमीन हलली की शितलने प्रगतीला उचलून पळायचं, आई आपलं आपण बघेल. हे काम मी कधी चुकवलं नव्हतं. आईला माझ्या दहावीच्या मार्कांपेक्षा याचा जास्त अभिमान होता, आणि मार्क बघता ते बरोबरच होतं.

शाळेतल्या परेश सरांनी हे पाय पाहिले आणि मला शंभर मीटरला उतरवलं. पळण्यात माझा हात धरणारी कुणी नव्हती. पंचाईत पळायच्या आधीची होती. ‘सेट’ म्हटल्यावर बंदूक वाजेपर्यंत जराही हलायचं नसतं, हललात तर लाल कार्ड, घरी जा. स्पर्धा व्हायच्या ते डहाणूचं मैदान रुळांपासून लांब नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी सेटमध्ये असताना मालगाडी गेली, बोटांच्या टोकांना जमिनीतली थरथर कळली, आणि मी सुटले. बाकीच्या मुली जागेवरच. पुढच्या वेळी शेजारी गोळाफेक चालू होती, तेव्हा सुटले. त्याच्या पुढच्या वेळी काहीच झालं नाही, तरी सुटले. लोक हसले. मी मात्र रेषेवर बसायचं म्हटलं की सरांना काहीतरी निमित्त सांगायला लागले.

सर म्हणाले, पायांचं मी बघतो, डोक्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवं. दर शनिवारी ते आम्हा मुलींना बोर्डीला न्यायला लागले. तिथे मुंबईहून कीर्ती मॅडम यायच्या. खेळाडूंची मनं तयार करणं हाच त्यांचा पेशा. आई म्हणाली, म्हणजे भगताचंच काम, फक्त कोंबडं मागत नाहीत. मी ते मॅडमना सांगितलं तर त्या कितीतरी वेळ हसत होत्या.

मॅडम चांगल्या होत्या. घाबरू नकोस असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. भीती येऊ दे, म्हणायच्या, फक्त तिला तुझे पाय देऊ नकोस. सुरूच्या झाडांखाली वाळूवर त्यांनी एक लांब फळी टाकली. मी एका टोकाला हात टेकून सेट घ्यायचा आणि दुसऱ्या टोकावर मुलींनी उड्या मारायच्या. थरथर आली की श्वास संथ सोडायचा आणि मनात एकच शब्द म्हणायचा, जड. हात जड, पाय जड. मॅडमची टाळी वाजली की मगच सुटायचं. सुरुवातीला मी प्रत्येक उडीला सुटले आणि मुली हसून हसून वाळूत लोळल्या. दिवाळीनंतर जरा थांबता यायला लागलं. संक्रांतीपर्यंत त्यांनी फळीवर तारपा नाच केला तरी माझी करंगळी हलत नव्हती.

मॅडमनी घरी करायचा अभ्यासही दिला होता. रोज आडवं पडायचं आणि मनात सगळं बघायचं. रेषा, सेट, जमीन थरथरते आहे, मी जड आहे, मी बंदुकीची वाट बघते आहे. हे आपल्या ओळखीच्या, शांत जागी करायचं. माझी ओळखीची जागा एकच, दाराशेजारची चटई. मी रोज तिथे पडून मनातली जमीन हलवायचे आणि रोज तिथेच जड व्हायचे. आम्ही कसे झोपतो हे मॅडमना माहीत नव्हतं, आणि मला ती सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही. आमच्याकडे सगळेच तसे झोपतात.

निवड चाचणीच्या आधीच्या आठवड्यातली दुपार. शाळेला सुट्टी होती. आई अंगणात तूर झोडत होती, प्रगती माझ्या शेजारी झोपली होती, आणि मी अभ्यास करत पडले होते. तेवढ्यात खालून गुडगुड आली. ती सगळ्यात आधी मलाच कळली, नेहमीसारखी. मी श्वास सोडला. भांडी वाजायला लागली. जड, मी मनात म्हटलं. भिंतीच्या भेगेतून माती गळताना मी पाहिली, वर कौलं एकमेकांवर घासताना ऐकली, आणि मला जराही भीती वाटली नाही. इतकं शांत मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. मी बंदुकीची वाट बघत होते.

आईने मला हाक मारली, तीही ऐकली. पण ती काही बंदूक नव्हती. मग आई आत घुसली, प्रगतीला दंडाला धरून तिने फरफटत बाहेर नेलं, आणि त्या मागोमाग प्रगतीच्या उशीवर दोन कौलं आणि एक वीट पडली. त्या आवाजाला मी सुटले. सुरुवात अगदी अचूक झाली, मॅडमनी पाहिली असती तर शाबासकी दिली असती.

आई ओरडली नाही. तुरीच्या काड्यांवर प्रगतीला मांडीत घेऊन बसली होती. प्रगतीला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

"तुझे डोळे उघडे होते," आई म्हणाली. "झोपली असतीस तर मी काय बोलली नसती. तू बघत होतीस."



संध्याकाळी तिने चटया घातल्या. स्वतःची दाराशी, मधे प्रगती, आणि माझी आत, भेग नसलेल्या भिंतीशी. मी पडल्या पडल्या विचार करत राहिले, की आता मी उचलून न्यायच्या माणसांत जमा झाले. आजवर मला जमिनीची भीती वाटायची, आता स्वतःच्या पायांची वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी आई पाण्याला गेल्यावर मी मुद्दाम हंडा जमिनीवर आपटला. पाय जागचे हलले नाहीत. परत आपटला, त्याला पोचा पडला. श्वास मात्र आपोआप संथ सुटला. मग मी तिथेच बसून रडले.

सरांच्या फोनवरून मी मॅडमना सगळं सांगितलं.

"चूक माझी आहे, शितल," त्या म्हणाल्या. "तू कुठे झोपतेस ते मी विचारायला हवं होतं."

मग त्या बरंच काही बोलल्या. पायात स्पाईक्स, म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट, असले की थांबायचं आणि अनवाणी असलं की पळायचं, हा फरक शरीराला शिकवता येतो, पण त्याला महिने लागतात. चाचणी रविवारी होती, डहाणूच्या त्याच मैदानावर. नको वाटलं तर पळू नकोस, कुणी काही म्हणणार नाही, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, पळणार. निवड झाली की राज्याच्या शिबिरात राहायला मिळतं आणि आजवरची सगळी मेहनत त्यासाठीच होती. आई चाचणी बघायला आली, तिने प्रगतीलाही बरोबर घेतलं. त्या घरात मुलीला ठेवून यायचा तिला धीर नव्हता.

मैदानाच्या कडेला लोकांना बसायला पत्र्याचं छप्पर होतं, विटांच्या खांबांवर. एका खांबाला भेग होती. आमच्याकडची माणसं कुठेही गेली की आधी भेगा बघतात. मी आईला दुसरीकडे बसायला सांगणार होते, पण माझं नाव पुकारलं गेलं. मागे पाहिलं तर प्रगती नेमकी त्याच खांबाला टेकून चिकू खात होती.

ऑन युअर मार्क. मी बोटं रेषेमागे टेकली. सेट. कंबर वर घेतली आणि बोटांना थरथर कळली.

मालगाडी असेल. शिट्टी ऐकू आली नव्हती. माझा श्वास आपोआप सुटला, हात जड झाले, पाय जड झाले. मी थांबू शकत होते. या वेळी निवड होणार, हे मला लख्ख कळलं. आणि तेवढ्यात ती शांतता आली. चटईवरची, त्या दुपारची, तीच. ती अंगात पसरायला लागली आणि मी इतकी घाबरले की तशी कधी घाबरले नव्हते. सेट आणि बंदूक यांच्यात श्वासाएवढी जागा असते. तेवढ्यात मी उठले.

माझ्या लेनमधून नाही पळाले. आडवी पळाले, दुसऱ्या मुलींच्या समोरून, गवतावरून, सरळ छपराखाली. प्रगतीला कमरेत उचललं आणि उघड्यावर नेऊन टाकलं. मागे वळले तेव्हा रुळांवरून मालगाडीचे डबे निवांत चालले होते. लोक हसत होते. पंचाने लाल कार्ड दाखवलं. परेश सर खाली बसून डोकं धरून होते, आणि प्रगती चिकू पडला म्हणून भोकाड पसरत होती.

आई छपराखालून सावकाश चालत आली. तिने खांबाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, माझ्या पायातल्या स्पाईक्सकडे पाहिलं. निघताना सरांच्या फोनवर मॅडमचा फोन आला, त्यांना मी नंतर बोलते म्हटलं.

घरी येऊन आईने केर काढला, भाकरी थापल्या, आणि जेवणं झाल्यावर चटया घातल्या. स्वतःची भिंतीशी, प्रगतीची तिच्यापासून लांब, आणि माझी प्रगतीजवळ, दाराशी. मी आडवी झाले, जमिनीवर तळहात टेकला, आणि कितीतरी दिवसांनी मला जमिनीची भीती वाटली.