जाऊबाई वाढतायत

घरात दोन सुना होत्या. थोरलीच्या हाताखाली घर चालायचं आणि धाकटीच्या हाताखाली, थोरलीच्या शब्दांत, बाटल्या. धाकटी कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत होती. पेशंटच्या गाठीतल्या पेशी चपट्या बाटल्यांमध्ये वाढवायच्या, म्हणजे नवी औषधं आधी त्यांच्यावर वापरून बघता येतात, हे तिचं काम. जिच्या हातून दूध हमखास उतू जातं तिच्याकडे लोक पेशी सांभाळायला देतात, याचं थोरलीला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. दूध खरंच उतू जायचं.

मग गाठ थोरलीलाच झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं गाठ संशोधनाला द्यायच्या कागदावर सही केली आणि धाकटीला जवळ बोलावलं. "काढून फेकणारच आहेत, तर ने तुझ्याकडे," ती म्हणाली. "फक्त उपाशी ठेवू नकोस तिला." ऑपरेशननंतर वर्षाच्या आत थोरली गेली.

प्रयोगशाळेत नमुन्याला नंबर असतो, माणसाचं नाव नसतं. पण हा नमुना कुणाचा हे धाकटीला माहीत होतं आणि तिच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे बघता बघता सगळे त्या बाटलीला जाऊबाई म्हणायला लागले. जाऊबाईंना खायला घातलं का, जाऊबाईंचं झाकण नीट लावलं का. खायला घालायचं म्हणजे जुनं गुलाबी द्रव काढून ताजं घालायचं. पहिले दोन महिने जाऊबाई रुसल्यासारख्या तळाशी बसून होत्या. बहुतेक गाठींचं असंच होतं, बाटलीत त्यांना करमत नाही आणि त्या मरून जातात. पण नंतर एकाएकी पेशी अशा वाढायला लागल्या की बाटल्या पुरेनात. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष, पण एक नवं औषध जाऊबाईंना लागू पडलं आणि ते छापून आलं, तेव्हा त्यांनीही धाकटीची पाठ थोपटली.

थोरलीचे यजमान, म्हणजे धाकटीचे भाऊजी, लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात घालवलेले गृहस्थ. एकटे पडल्यावर ते रविवारी धाकटीकडे जेवायला यायला लागले. हात धुता धुता विचारायचे, "कशी आहे?" धाकटी म्हणायची, "वाढतायत छान." त्यावर ते दर वेळी हसायचे. "तिनं आयुष्यभर दुसरं केलं काय? वाढतच होती." थोरली सगळ्यांना वाढायची, नको नको म्हणताना ताटात टाकायची आणि शेवटी उरलंसुरलं घेऊन एकटी बसायची. आधी बस म्हटलं तर तिला तो अपमान वाटायचा. विनोद शिळा झाला तरी धाकटीनं तो कधी अडवला नाही. त्या एका प्रश्नावर भाऊजी आठवडा काढतात हे तिला दिसत होतं.

दोनेक वर्षांनी एका दुसऱ्या प्रयोगशाळेनं जाऊबाई मागितल्या. पाठवण्याआधी, पेशी आपण ज्याच्या म्हणतो त्याच्याच आहेत ना, हे तपासून घ्यायचं असतं. खरं तर ते फार आधीच करायचं असतं, पण घरच्या माणसाला ओळखपत्र कोण मागतं? थोरलीचं थोडं रक्त फ्रीजरमध्ये जपून ठेवलेलं होतं. दोन्ही नमुने तपासायला गेले आणि उत्तर आलं, जुळत नाहीत. पेशी जुळल्या त्या भस्म्याशी.

भस्म्या ही त्यांच्याकडची दुसरी बाटली. कुठल्याशा जुन्या पेशंटच्या, भलत्याच अवयवाच्या गाठीतल्या पेशी. भूक अशी, की नाव त्यावरूनच पडलेलं. त्यातली एखादी पेशी चुकून दुसऱ्या बाटलीत पडली तरी ती तिथलं सगळं खाऊन मूळच्यांना संपवते आणि स्वतः पसरते. म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम लावला होता, हळू वाढणाऱ्यांना आधी, भस्म्याला शेवटी. द्रवाची मोठी बाटली सगळ्यांना मिळून एकच असायची, तेव्हा क्रम चुकला की भस्म्याची पेशी त्या बाटलीतून पुढच्यांत जायची आणि कारभार आटोपायचा.

मॅडमनी दार लावून घेतलं. "जाऊबाईंना तू कधी द्यायचीस?"

"शेवटी."

"भस्म्याच्या नंतर?"

धाकटीनं मान डोलावली. का, याला तिच्याकडे शास्त्रातलं उत्तर नव्हतं. सगळ्यांचं आटपलं, बाकीचे चहाला गेले, की मोठ्या बाटलीत उरलेलं द्रव ती जाऊबाईंना घालायची आणि जरा वेळ तिथेच बसायची. शेवटीच जेवतात त्या, असं तिनं गमतीनं सांगितलंही होतं, आणि सगळे हसले होते. एवढी शिकलेली बाई, पण भिंतीवरचा नियम सोडून तिनं घरातला नियम पाळला होता. हे सांगताना तिला रडू आलं. मॅडमनी ते येऊ दिलं.

मग त्यांनी कोरड्या आवाजात पुढचं सांगितलं. जाऊबाईंना लागू पडलं म्हणून ज्या औषधाचा एवढा गवगवा केला, ते भस्म्याला लागू पडलं होतं. थोरलीसारखी गाठ असलेल्या बायकांना त्याचा उपयोग आहे की नाही, कुणालाच माहीत नाही. छापलेलं मागे घ्यायचं आणि चूक कशी झाली तेही छापायचं. राहता राहिली जाऊबाईंच्या सुरुवातीच्या पेशींची एक गोठवलेली नळी. जाऊबाई रुसून बसल्या होत्या तेव्हाच मॅडमनी हट्टानं ती ठेवायला लावली होती. एकच होती. ती वितळवली आणि आतल्या पेशी जगल्या नाहीत, तर मागे काही उरणार नव्हतं.

धाकटीच्या नवऱ्याचं म्हणणं पडलं की दादाला कशाला सांगायचं, वाढतायत म्हण आणि विषय संपव. तिलाही ते पटलं होतं. पण रविवारी भाऊजींनी हात धुतले, टॉवेल घेतला, विचारलं, आणि ते दोन शब्द काही तिच्या तोंडून बाहेर पडेनात. तिनं त्यांना खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. स्वतःच्या चुकीवर पांघरूण घातलं नाही.

लिफ्टचा बिघाड ऐकून घ्यावा तसं भाऊजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तिथे ती गेली कधी?"

"तिसऱ्या महिन्यात असेल. एकदम वाढायला लागल्या ना, तेव्हाच."

"तेव्हा तर ही घरात होती. हिंडतफिरत होती."

"हो."

"आणि पहिल्या रविवारपासून मी भलत्याच माणसाची चौकशी करतोय," भाऊजी म्हणाले. ते हसायला गेले आणि ते हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यांनी टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ काढला नाही. त्या दिवशी ते थोडंसं जेवले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत.

दरम्यान नळी वितळवली. थोड्या पेशी तपासणीला दिल्या, बाकीच्या नव्या बाटलीत घातल्या. थोरलीच होती, यात शंका उरली नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मोजक्याच पेशी तळाला धरून होत्या, बाकी नुसता तरंगता कचरा. धाकटीनं त्यांना वेगळं कपाट दिलं, द्रवाची वेगळी बाटली दिली. सकाळी आल्यावर दुसऱ्या कशालाही हात लावायच्या आधी ती त्यांचं करायची. पेशी तशाच बसून होत्या, वाढायचं नाव घेत नव्हत्या.

त्यानंतरच्या रविवारी भाऊजी आले. हात धुतले आणि काही न विचारता नुसते पुसत राहिले. धाकटीला ते बघवेना. तिनंच नळीचं सांगितलं, आणि या वेळी तपासून घेतलंय, त्याच आहेत, हेही सांगितलं.

"वाढतेय?"

"नाही अजून. कदाचित वाढणारही नाहीत, भाऊजी. पण आता मी त्यांना सगळ्यांच्या आधी वाढते."

भाऊजींनी टॉवेल खुंटीला लावला. "तिला चालायचं नाही ते," ते म्हणाले.

"चालवून घ्यावं लागेल त्यांना."

भाऊजी टेबलाशी आले. धाकटी भांडं घेऊन वाढायला आली, तसं त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि पायानं खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"तू बस आधी," ते म्हणाले. "आज मी वाढतो."