दुपारचा खुलासा

ऑफिसात सगळे त्याला ‘तपासनीस’ म्हणत. छापील अंक निघत होता तेव्हा दोन ठिकाणी विचारल्याशिवाय त्यानं कधी बातमी पुढे सोडली नाही, म्हणून. आता छपाई बंद झाली होती आणि कुठली बातमी किती जण वाचताहेत, ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर क्षणाक्षणाला दिसे. नाव तेवढं चिकटून राहिलं होतं.

त्या दुपारी मोबाइलवर फिरत फिरत एक मजकूर आला: बाजारातल्या औषधाच्या दुकानातली गोळी खाऊन मुलगी बेशुद्ध. दवाखान्यात कोणी फोन उचलेना. संपादकीणबाई डोक्यावर उभ्या. “पाच मिनिटांत बाकीचे टाकतील. प्रश्नचिन्ह लावा आणि सोडा.” त्यानं लावलं आणि सोडलं. दुकानाचं नाव कुठे आहे, कुणाचं काय बिघडणार, अशी मनाची समजूतही घातली.

अर्ध्या तासात वाचकांनीच दुकान शोधून काढलं, फोटोसकट. ते त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं. त्यानं पुन्हा दवाखान्याचा नंबर फिरवला.

आता मात्र डॉक्टर फोनवर भेटले. मुलीला उन्हानं चक्कर आली होती. गोळीबिळी काही नाही, ती घरीही गेली. त्यानं घाईघाईनं बातमीत खुलासा घातला आणि तिथेच घोळ झाला. बातमीला हात लावला की यंत्र तिला नवी समजून पुन्हा सगळ्यात वर चढवी. हे त्याला दहादा सांगितलेलं होतं, पण चूक दिसली की हात शिवशिवत. त्यानं खुलासा आणखी ठळक केला, मग पहिल्या ओळीत आणला. प्रत्येक वेळी बातमी वर. खुलासा वाचतो कोण? लोक मथळा वाचून दुकानाकडे निघाले, आणि मथळा बदलायचा अधिकार फक्त बाईंना.

“काढून टाका हो ती,” तो काकुळतीला आला. “माझ्या सख्ख्या बहिणीचं दुकान आहे.”

बाईंचे डोळे लकाकले. “मग आधी नाही का सांगायचं? तिची बाजू विचारून घ्या. लगेच मथळा बदलते. शब्द देते.”

त्याला बाईंचा राग आला, स्वतःची तर किळसच आली. पण दुसरा मार्गच नव्हता. त्यानं फोन लावला.

“दादा!” बहीण रडायलाच लागली. “बरं झालं तूच केलास. बाकी कुणाशी मी बोललेच नाही. बाहेर माणसं जमलीत रे. यांनी आतून शटर ओढलंय. मागच्या दारानं निघावं म्हणतोय आम्ही.”

फोनवर कोणी बोलू लागलं की त्याची बोटं आपसूक टाइप करत. तीस वर्षांची खोड. आणि इथे तो टाइप करी ते बाईंना त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसे. त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं सगळं पुसलं, पण बाईंनी शब्द पाळला होता. भिंतीवर मथळा बदलला: ‘औषधवाले मागच्या दारानं पळण्याच्या तयारीत’.

“दादा, ऐकतोयस ना?” बहीण विचारत होती. “मागे कुणी नाहीये. निघू ना आम्ही?”