आत कोणी आहे का?

"साहेब, पानं कोरी झाली."

"कोरी कशी? मला तर सगळी दिसताहेत की."

"नीट बघा ना. प्रत्येक आज्ञेखाली एकच ओळ आहे: इथे वर्णन भरा."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्या संगणकाच्या पडद्यात डोकं घातलं. शहराचे पाण्याचे पंप आणि टाक्यांच्या झडपा आता टाइप केलेल्या आज्ञांवर चालत. प्रत्येक आज्ञेचं, ती कशी वापरायची ते सांगणारं, एक मदतपान होतं, आणि ती पानं सांभाळणं हे तिचं काम. त्यासाठी एक प्रोग्रामही होता. आज्ञांचा कोड वाचून तो आपणच पानं तयार करी. त्याला 'सुधार' म्हटलं की माणसाने लिहिलेल्याला धक्का न लावता तो फक्त नवं तेवढं भरी. आज घाईत ती म्हणाली होती, 'नव्याने बनव'. त्याने इमानेइतबारे बनवली. अण्णांचा शब्द न् शब्द पुसून.

तिच्याआधी या खुर्चीवर अण्णा बसत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांचं पान म्हणजे निरूपणच. आज्ञा एका ओळीची आणि समजावणं पानभर, मायेनं, मधूनच दटावून.

"जुनी प्रत आहे ना? मग तोंड कशाला पाडतेस? चढव परत सावकाश."

पण तिची नजर भिंतीवरच्या फळ्यावर खिळली होती. 'आज मोठी टाकी धुणे.' म्हणजे टाकी धुणारे मामा आत उतरलेले असणार. टाकी भरण्याच्या आज्ञेखाली अण्णांनी लिहिलं होतं: 'बाबा रे, आधी झाकणाशी जाऊन हाक मार. आत कोणी आहे का? काम झालं असं कळलं तरी हाक मार.' आणि पंपघरात आज नवा माणूस होता. पान वाचल्याशिवाय बोट न हलवणारा.

तिने फोन लावला. तो कुणाशी तरी बोलत होता.

"अगं, आधी ते पान तरी दुरुस्त कर!"

"पान नंतर, साहेब. आधी माणूस."

पुन्हा लावला. देवा, उचलू दे रे.

"हां ताई, बोला! तुमचंच पान उघडलंय. काय सुटसुटीत केलंत हो! आधी केवढं पुराण होतं म्हणे. आत्ताच टाकी भरायला घेतली बघा."

"बंद कर!"

"अं?"

"झडप बंद कर आधी! आत मामा असतील!"

"छे हो, टाकी धुऊन झाली म्हणून मामांनीच मघाशी कळवलंय."

"तू हाक मारलीस?"

पलीकडे बटणांचा खडखडाट झाला. खुर्ची पडली. पावलं धावत लांब गेली आणि उघड्या फोनमधून नुसती घरघर येत राहिली. साहेब उभे राहिले होते. तिचे हात कधी जोडले गेले, तिलाही कळलं नाही.

मग खूप लांबून एक खणखणीत आवाज आला.

"कोण रे तो शहाणा? बादली राहिली म्हणून पुन्हा उतरलो, तर डोक्यावर धबधबा! आंघोळच घालायची होती तर साबण तरी टाकायचास!"

तिने टेबलावर डोकं टेकलं.

दुपारी जुनी पानं जागच्या जागी आली. तरी ती उठेना.

"आता काय राहिलं?" साहेबांनी विचारलं.

"पान पुसता येतं, साहेब. मीच पुसलं की. हे वाक्य आज्ञेच्या पोटातच घालते."

"घाल. पण जरा शुद्ध भाषेत लिही."

"नाही. ते बोलायचे तसंच."

संध्याकाळी ती पंपघरात गेली. कठड्यावर मामांचा सदरा वाळत होता. पंपवाल्याने तिच्यासमोर टाकी भरण्याची आज्ञा टाइप केली. पाणी सुटलं नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: 'बाबा रे, आत कोणी आहे का? हाक मारून ये.' खाली एक बारीक रेघ लुकलुकत राहिली.

पंपवाल्याने अण्णांना कधी पाहिलं नव्हतं.

"आलोच हं," तो पडद्याला म्हणाला, आणि झाकणाकडे निघाला.