थेट बॅटरीवरून

वोनोसारी गावच्या बाजाराजवळ तुगिरान स्कूटरवरून भाड्याने प्रवासी नेत; सगळे त्यांना आदराने 'पाक' म्हणत. मुलगी वेनिंगचे दिवस भरले होते आणि जावई दूर बोटीवर कामाला. कळा सुरू झाल्या की तिने फोन करायचा आणि वडिलांनी तिला सुईणबाईंकडे न्यायचं, असं ठरलं होतं. पण त्यांचा फोन दुपारीच मान टाकायचा. म्हणून त्यांनी स्कूटरलाच चार्जिंग बसवून घेतलं.

"वायर चावीवरून घेऊ की थेट बॅटरीवरून?" मेकॅनिक सार्जोनोने विचारलं.

"थेट. चावी खिशात असली तरी फोन भरला पाहिजे."

"बॅटरी उतरेल, पाक. या गाडीला किकही नाही."

"एका फोनने काय होतंय?"

एका फोनने काही झालंही नसतं.

स्कूटरवाल्यांच्या स्टँडवर त्यांनी फोन चार्जिंगला लावला आणि ते सगळ्यांना म्हणाले, "या, तुम्हीही लावा." डबा उघडला की 'या, घ्या' म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने उपाशी असला तरी 'आत्ताच जेवलो' म्हणायचं, हे तिथे लहान पोरालाही कळतं. विजेच्या बाबतीत मात्र अजून रीत पडली नव्हती.

"बरं," म्हणून शेजारच्या स्कूटरवाल्या पोनिमिनने फोन लावला. मग हार्टोने. फळवाल्या बाईंनी दोन आणले, त्यातला एक बहिणीचा.

"मन मोठं आहे हो तुमचं, पाक!"

आता नको कसं म्हणणार? बोलावलं तर त्यांनीच होतं.

तिसऱ्या प्रहरी वेनिंगचा फोन आला. "बापाक, या. लगेच."

तुगिरानांनी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. या खेपेला टक्‌सुद्धा नाही.

"ढकलू का?" हार्टोने विचारलं.

"ही ढकलून सुरू होत नाही."

"फोन किती भरलाय?" पोनिमिनने विचारलं.

"पूर्ण."

"हे एक बरं झालं. थांबा, वेनिंगला मी पोचवतो."

"मीही येतो."

"मग ती काय हँडलवर बसेल?"

पोनिमिन गेला. बाकीच्यांचेही फोन भरलेले, त्यामुळे फोनवरूनच सगळ्यांना भाडी मिळाली. तुगिरान बंद गाडीवर बसून राहिले. ऊन उतरल्यावर पोनिमिनचा फोन आला. नात झाली होती, दोघी सुखरूप. ही बातमी सांगायला स्टँडवर कोणी नव्हतं.

शेवटी त्यांनी गाडी ढकलत सार्जोनोकडे नेली.

"नात झाली," ते म्हणाले.

"वा! आणि वायर?"

"चावीवरून घे."

सार्जोनो नुकताच जेवायला बसला होता. सागाच्या पानातला भात उघडत तो सवयीने म्हणाला, "या पाक, घ्या."

"बरं," म्हणत तुगिरानांनी हात धुतले आणि ते समोर बसले.

सार्जोनोने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पान त्यांच्याकडे सरकवलं.