गायरानातल्या पाली

खर्ड्याजवळच्या गायरानात जीपमधून उतरलेली पोरगी थेट दगड उलथायला लागली, तेव्हाच विमलबाईच्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षं तिनं आणि नवऱ्यानं गायरानातले हे दोन एकर कसले होते. सातबारावर मात्र नाव सरकारचं. अशा जमिनीवर वाकून बघणारा माणूस फुकट वाकत नाही.

पोरगी शेवगावच्या कॉलेजातली प्राध्यापिका, आराधना. तिनं चित्र दाखवलं. पिवळी, काळ्या पट्ट्यांची पाल. "मावशी, ही कधी दिसलीय?"

"न्हाई."

दिसली नव्हती कशी! बांधाच्या दगडाखाली रोज दिसायची, म्हणून तर तिकडं ती पोरीला फिरकू देत नव्हती. पण "कशाला पायजे?" म्हटलं की पोरगी विषय बदलायची. तीन दिवस आली, तीनदा विचारलं, तीनदा विमलबाई न्हाई म्हणाली. दर वेळी पोरीनं ते वहीत उतरवलं. पाल सापडली की फॉरेस्टवाले तारेचं कुंपण घालून आपल्याला हाकलणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

चौथ्या दिवशी सकाळी विमलबाईनं बांधाचा दगड न् दगड हलवला, एकही न ठेवता सगळ्या पाली डब्यात भरल्या आणि ओढ्यापलीकडं फॉरेस्टच्या डोंगरात सोडून आली. जीव हलका झाला.

दुपारी आराधना आली. "मावशी, आता सांगते. हे गायरान सोलर कंपनीला द्यायचं चाललंय. ही पाल नामशेष झाली असं सगळे धरून बसलेत. ती इथं सापडली तर ते थांबेल, आणि तुमची शेती आहे तशीच राहील, तसं फॉरेस्टकडून लेखी आणलंय. आधी बोलले नाही, कारण या पाली चोरून विकणारे टपलेले असतात. खोटं कशाला बोलू, मला तुमचाही संशय होता."

विमलबाईनं सगळं सांगून टाकलं. "चल पोरी, दावते तुला. परत आनून सोडते."

डोंगरात पाली सापडल्या. आराधना हरखून फोटो काढत सुटली. मग तिचा चेहरा बदलला.

"मावशी, तीनदा तुम्ही नाही म्हणालात. आज सोलरचं कळल्यावर म्हणता, त्या तुमच्या बांधातल्या. मी खरं कशावरून धरू?"

"लेकराची आन घेते, बाई."

आराधनानं वहीतली मागच्या तीन दिवसांची पानं उलटून बघितली. मग पाल सापडल्याच्या जागी तिनं डोंगराचं नाव लिहिलं. विमलबाई तिथंच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. डोंगराला धोका नव्हताच कधी, तो आधीपासून फॉरेस्टचा होता. सोलरसाठी गायरानाची मोजणी सोमवारी होती.